वॉल्टरची बरणी

बरणी लख्ख धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती.

स्वानंद दारातच थबकला. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. सकाळी तो ऑफिसला निघाला तेव्हा ती बरणी फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात होती. तळाशी पांढरट साका, वर पिवळसर पाणी.

"लिंबाचं लोणचं घालायला घेतली रे," आई म्हणाली. "आतलं ते तुझं काहीतरी नासलं होतं. झाकण उघडलं तर फुस्स! काय आंबूस वास सुटला म्हणून सांगू!"

नासलं होतं म्हणे! अहो, ते वॉल्टरचं यीस्ट होतं.

वॉल्टर म्हणजे शेजारचा म्हातारा. कॅनडात, सस्काटूनच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानेच स्वानंदला फावड्याने बर्फ उपसायला शिकवलं, आणि पुढे बेसमेंटमध्ये नेऊन घरी बिअर करायलाही. मोड आलेल्या सातूचं माल्ट उकळायचं, हॉप्सची कडू फुलं टाकायची, निवलं की यीस्ट घालायचं आणि गप्प बसायचं. "बिअर यीस्ट करतं, आपण नुसती भांडी घासायची," असं तो म्हणायचा. दर वेळी तळाचा साका थोडा काढून पुढच्या खेपेला ठेवायचा. बायको होती तेव्हापासून तेच यीस्ट त्याने जगवलं होतं. गेल्या वर्षी मुलांनी घर विकलं आणि त्याला वृद्धाश्रमात नेलं. यीस्ट कुणालाच नको होतं. निघताना त्याने बरणी स्वानंदच्या हातात ठेवली आणि एवढंच मागितलं, की वाढदिवसाला एक बाटली आण.

वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. दुकानात यीस्टची पाकिटं ढिगाने मिळतात. पण वॉल्टरने पहिल्या घोटात ओळखलं असतं. आणि तो इतका खंगला होता, की त्यापुढचा वाढदिवस बघेल याची खात्री नव्हती.

स्वानंदला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? घरात कधी कुणी दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं, म्हणून त्याने आईला ते ब्रेडचं यीस्ट आहे असं ठोकून दिलं होतं. त्याची आई, प्रभा, पहिल्यांदाच मिरजेहून आली होती. तिला राणीसारखं ठेवायचं असं त्याने ठरवलं होतं. आल्या दिवशी ती झोपली असताना त्याने तिच्या बॅगा पर्ससकट रिकाम्या केल्या, सगळे कपडे मशीनमध्ये टाकले, इस्त्री करून घड्या घालून ठेवले. तिने मात्र उठल्यावर त्या घड्या बघून चकार शब्द काढला नाही. आणि रोज विकतचं दही चाखून तोंड वाकडं करायची. "हे दही नव्हे, खळ आहे खळ!"

"आई, सगळं ओतून दिलंस?"

"मग काय नासकं जपून ठेवू?"

"अगं, ते बिअरचं होतं."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आईने त्याच्याकडे नीट बघितलं.

"वाटलंच मला. ब्रेडचं म्हणालास, पण आल्यापासून एक पाव काही भाजलेला दिसला नाही."

मग त्याने सगळंच सांगितलं. वॉल्टर, त्याची बायको, विकलेलं घर, मागितलेली बाटली. जॅकेटही न काढता तो खुर्चीत बसून राहिला.

आईने पदराला हात पुसले. फ्रिज उघडला आणि त्या खळीच्या डब्यामागून एक छोटी स्टीलची डबी काढली.

"चमचाभर ठेवलंय बाजूला. आंबवलेलं भांडं मी तसंच घासत नाही. नासलेलं दिसलं म्हणून काय झालं, कुणी कुठून आणलेलं असतं. आणि डबी उकळत्या पाण्याने धुतलीय हो, कोरडी करून."

स्वानंदने डबीसकट आईला मिठी मारली.

त्याच संध्याकाळी त्याने पातेलीभर माल्ट उकळून निववलं, काचेच्या बाटलीत ओतलं आणि डबीतला चमचाभर साका त्यात सोडला. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. बाटलीभोवती त्याने स्वतःचा स्वेटर गुंडाळला. तिसऱ्या सकाळी बेसमेंटच्या जिन्यावरच त्याला आवाज आला. बुडबुड, बुडबुड. वर बोटभर फेस.

तो धावतच वर आला. "आई, जिवंत आहे! सुटलो एकदाचा! पण तुला सुचलं कसं?"

आई पोहे परतत होती. "सुचायचंय काय त्यात? मीपण आणलं होतं की. तुझ्या आजीचं विरजण. रुमाल दह्यात बुडवून वाळवला होता आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता."

"मग कुठाय तो?"

"तूच दिलास की, इस्त्री करून."

स्वानंदला आठवला तो रुमाल. पिवळट, कडक झालेला. डाग जाईना म्हणून त्याने तो गरम पाण्यात दोनदा धुतला होता.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने घड्या घातल्या होत्यास. काय बोलायचं?" त्याचं पडलेलं तोंड बघून आईला हसू फुटलं. "रडू नकोस मेल्या. मिरजेत शेजारच्या शोभाकडे वाटीभर ठेवून आलेय. तूही वॉल्टरच्यातलं चमचाभर दुसऱ्या कुणाकडे ठेव. एकाच घरात राहिलं, की आपल्यासारखं कुणीतरी प्रेमाने धुऊन टाकतं."