बिनकामाची पट्टी

"पट्टी कुठंय?"

उस्तादांचा उजवा हात मनगटापर्यंत गिटारीच्या आत होता आणि डोळे इंजिनिअरवर.

या गिटारीचं भोक मधोमध नव्हतं. वर, खांद्याच्या कोपऱ्यात होतं, आणि तेही लंबगोल. चाळीस वर्षांपूर्वी याच कारखान्यात उस्तादांनी ते तसं कापलं, तेव्हा लोक म्हणाले, हा उंदराचा उद्योग दिसतोय. दोन वर्षांत मॉडेल बंद पडलं. आता जुन्या वस्तूंना बरे दिवस आले होते, म्हणून मोठ्या मालकांच्या नातीने, आताच्या मालकीणबाईने, ते पुन्हा काढायचं ठरवलं. मोजमापांसाठी तिने उस्तादांच्या घरची गिटार मागून नेली. इंजिनिअरने त्या गिटारीची पाठ उचकटून आतली काडी न काडी मोजली. ती गिटार पुन्हा वाजण्यासारखी राहिली नाही. बदल्यात पहिली नवी गिटार उस्तादांना द्यायचं ठरलं.

याला तीन महिने झाले. तेवढ्या काळात उस्ताद शेजाऱ्यांशी, दूधवाल्याशी आणि एकदा दिव्याच्या खांबाशी भांडले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी त्यांचं वैर जुनंच होतं. तो मोजून माल देत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कलावंताला वाद्यापासून तोडलं की असंच होतं, असं म्हणून सगळे सोडून देत.

"कुठली पट्टी, काका?" इंजिनिअरने विचारलं.

"भोकाखालची! दोन बोटं रुंद, पाठीला आतून आडवी, फळीसारखी चिकटवलेली."

"ती होय. ती काढली. तिचा आवाजाशी काही संबंध नाही. कॉम्प्युटरवर सतरा वेळा तपासलं. उलट ती काढल्यावर आवाज सुधारला."

"सुधारला!" उस्तादांनी हात बाहेर काढला. "ऐकलंस का गं? चाळीस वर्षांनी माझी गिटार सुधारली यांनी! उद्या मलाही सुधारतील."

"त्याला कॉम्प्युटर पुरणार नाही," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या. उस्तादांना राग आणि खोकला एकदमच येत असे, म्हणून पाण्याची बाटली घेऊन त्या सोबत आल्या होत्या.

टेबलावर चाळीस लेबलं मांडलेली होती. प्रत्येकावर उस्तादांचं नाव छापलेलं, खाली सहीची जागा रिकामी. सह्या झाल्या की लेबलं गिटारींत चिकटवायची आणि शुक्रवारी दुकानदारांना, वार्ताहरांना बोलवायचं, असा बेत होता.

"काका, सह्या तेवढ्या करा ना," मालकीणबाई म्हणाली.

"सही? या खोक्यावर? यात चपला ठेवा आणि लेबलावर चपलांचा नंबर लिहा!"

"एक मला कळलं नाही," इंजिनिअर सरळ स्वभावाचा होता. "जुन्या गिटारीतली ती पट्टी मधोमध अगदी गुळगुळीत झाली होती. जरा पिवळटही."

"होणारच. चाळीस वर्षं आवाज तिथून ये-जा करतोय. लाकूड झिजणार नाही?"

इंजिनिअरने हे वहीत लिहून घेतलं.

"पण काका, चाळीस गिटारींच्या पाठी पुन्हा उघडायच्या म्हणजे शुक्रवार गेला," मालकीणबाई रडकुंडीला आली. "आमंत्रणं गेलीत सगळ्यांना."

"मग माझं नाव खोडा. आत्ताच्या आत्ता खोडा. माझं पेन कुठंय? मीच खोडतो!" उस्तादांनी सगळे खिसे चाचपले. सगळे रिकामे.

"पेन माझ्या पर्समध्ये आहे. सकाळीच काढून घेतलंय," काकू म्हणाल्या. रोज सकाळी नवऱ्याचे खिसे रिकामे करायचे, हा त्यांचा लग्नापासूनचा रिवाज होता.

पेन मिळायच्या आत खोकला आला. काकूंनी बाटली पुढे केली. मालकीणबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकू, तुम्हीच समजवा ना यांना. तुमचं ऐकतील."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी नवऱ्याचं एकही म्हणणं पहिल्या फेरीत मान्य केलं नव्हतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पट्टी बसव, बाळ," त्या म्हणाल्या. "होती तिथेच आणि होती तशीच. नाहीतर ती गिटार आम्हाला घरात नको."

उस्तादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते खोकल्याच्या खात्यावर टाकलं.

शुक्रवार पुढे ढकलला गेला. चाळीस पाठी उघडल्या, चाळीस पट्ट्या बसल्या, चाळीस सह्या झाल्या. समारंभात इंजिनिअरने वहीत बघून भाषण केलं. एका वार्ताहराने 'आवाजाला टेकू देणारी पट्टी' असा मथळा दिला. दोन वादकांनी तर पट्टीमुळे पडलेला फरक स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं सांगितलं.

दुपारी पहिली गिटार घरी आली. "मी टांगते खिळ्याला, तुम्ही दमलात," काकू म्हणाल्या.

"दमतोय कसला! कोपऱ्यावरून तारा घेऊन येतो," उस्ताद म्हणाले, आणि शीळ घालत गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

परत आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. उस्तादांनी दार हलकेच लोटलं, डाव्या पायाचा मोजा खाली केला आणि त्यातून दहा सुट्या सिगारेटींची पुडी काढली. चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पंज्याच्या मापाने कापलेल्या त्या भोकात हात घातला आणि पट्टी चाचपली.

पट्टीवर आधीच काहीतरी होतं. घडी घातलेला कागद. अक्षर काकूंचं.

"पट्टी परत आली, बरं झालं. या वयात नवी जागा शोधत बसणं मला जमलं नसतं. आणि त्या दुकानदाराशी आता तरी भांडू नका. तो बिचारा दहाच्या दहा देतो. पाच दर वेळी मी काढते."