बाबाने पाहिलेली इटली

"तिथे काही नाही," बाबा म्हणाला आणि त्याने प्राट्याचा, म्हणजे इथल्या पराठ्याचा, तुकडा करीमध्ये बुडवला.

यादीतून रावेन्ना गेलं. त्याआधी त्रिएस्ते गेलं होतं, त्याच्याही आधी लिव्होर्नो. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांभोवती, रविवारची ही गर्दी, आणि ऋचाची इटली त्या प्राट्यासारखीच तुकड्यातुकड्याने संपत चाललेली.

पण ऋचा हार मानणाऱ्यांतली नव्हती. निदान गेल्या महिन्यापासून तरी नव्हती. शाळेच्या डिबेटमध्ये तिने समोरच्या टीमला असं काही गप्प केलं होतं, की तेव्हापासून ती घरात दूधसुद्धा मुद्देसूद मागायची. आईचा प्लॅन होता रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी जिथे फोटो काढले, तिथेच आपणही दात काढून उभं राहायचं. ऋचाला हवी होती फारसं कुणी न जाणारी गावं. इटालियन बोलतात तिथे जायचं, मग ते गाव स्वित्झर्लंडात का असेना. समोरच बसलेल्या आईची अट एकच होती.

"बाबा हो म्हणाला तर. त्याने इटली पाहिलीये. संध्याकाळी मी बुकिंग करून मोकळी होणार."

पाहिलीये कसली, कोळून प्यायलाय. इथल्या ऑफिसात खुर्ची धरण्याआधी बाबा कितीतरी वर्षं बोटीवर इंजिनियर होता. घरचा फ्रीज त्याने आणलेल्या मॅग्नेटांनी भरलेला. ऋचाने ही गावं तरी कुठून शोधली होती? फ्रीजच्या दारावरूनच.

"बेलिंझोना?" तिने शेवटचं गाव पुढे केलं. "स्विस आहे, पण बोलतात इटालियन. तीन किल्ले आहेत."

"किल्ले? जाऊया की."

"कॅन?" म्हणजे चालेल ना, असं तिने इथल्या बोलीत विचारलं.

"कॅन लाह," बाबा हसला.

ऋचा हसली नाही. हे एकच गाव फ्रीजवर नव्हतं. बेलिंझोनाला समुद्रच नाही. नकार मिळालेल्या तिन्ही गावांना बंदर होतं.

"बाबा, एक मिनिट हां. रावेन्नाच्या त्या मोझेइकच्या भिंती तू पाहिल्यास ना?"

बाबा करी ढवळत राहिला.

"बरं, त्रिएस्तेचा समुद्राकाठचा चौक?"

"डेकवरून क्रेन दिसतात," तो म्हणाला. "चौक नाही दिसत."

"अरे, मग ते मॅग्नेट?" आईने विचारलं.

"एक माणूस बोटीवर येऊन विकायचा. बंदरात इंजिन थांबतं, स्मिता. इंजिन थांबलं की आमचं काम सुरू. उघडायचं, साफ करायचं, परत बसवायचं. बाकीचे जाऊन यायचे. आमचं आटपेपर्यंत बोट सुटायची."

"आणि मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू सगळ्यांना किती हौसेने सांगायचीस, आमच्या धनेशने अख्खी इटली पाहिलीये म्हणून. कसं मोडायचं ते?"

आईने कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. नेहमीची ऋचा असती, तर तिने इथे टेबलावर टिचकी मारून मॅच जिंकल्याचं जाहीर केलं असतं. आज तिचा हात उठला नाही. आवाज मात्र तोच राहिला, डिबेटमधला, ठाम.

"आई, या बंदरांसाठी व्हेनिसमधून दोन दिवस काढ."

"रोमचाही एक घे," आई म्हणाली.

बाबाने ताट बाजूला सारलं. टिश्यूला हात पुसले, एकेक बोट, कामावरून आल्यासारखं. मग खुर्ची ओढून तो लेकीच्या फोनपाशी सरकला.

"हं, आता नीट सांग," तो म्हणाला. "रावेन्नाला बंदराच्या गेटबाहेर काय आहे?"