सरकलेला बोल्ट

विजेचा टॉवर ओढून बघायच्या चाचणीआधी साहेबांनी आकडे विचारले. बारा वर्षं हेच गणित करणारा मी म्हणालो, “शेंडा वीस सेंटिमीटर झुकेल.” माझ्याच हाताखाली शिकलेली माझी बायको म्हणाली, “तीस. बोल्ट भोकात थोडे सरकतात, ते मी धरलंय.” टॉवर तीसच झुकला. साहेबांनी तिला शाबासकी दिली; माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, “बोलाफुलाला गाठ पडली, साहेब!” साहेब म्हणाले, “सरकला असेल तर ओरखडा दिसेल. एक बोल्ट काढून आण.” बोल्टवर चकचकीत ओरखडा होता. तो खिशात टाकून मी नवाकोरा बोल्ट दाखवला. दोन दिवसांनी बायकोने धुऊन इस्त्री केलेली पॅन्ट माझ्यापुढे धरली. “घाल. साहेबांनी दोघांनाही बोलावलंय.” खिसा जड लागला. रुमालात गुंडाळलेला तोच बोल्ट होता. ओरखडा नीट दिसावा म्हणून पुसलेला.