क्षमावाणीचा दिवस

जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पायरीवर गळ्यातला हार सांभाळत विमलाक्का उभ्या होत्या. पर्युषणातले सगळे उपवास पार पाडले म्हणून आज क्षमावाणीला त्यांचा सत्कार झाला होता. येईल त्याला हात जोडून त्या म्हणत, "काही चुकलं असेल तर क्षमा करा." समोरचाही तेच म्हणून पुढे सरके.

मग धाकटी जाऊ आली. पर्वात ती बस्तीकडे फिरकलीही नव्हती. "तिला धर्माची गोडीच नाही," असं अक्का कालच बायकांत हसून म्हणाल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना उपवासाआधी आपणच तिच्याकडे धाडलं होतं, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"काही चुकलं असेल तर क्षमा कर," अक्का सवयीनं म्हणाल्या.

जाऊ गोंधळली. "कशाबद्दल, अक्का?"

अक्का तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिल्या. नव्हताच.

"निघते हं. आईंना कुशीवर वळवायची वेळ झाली. तुम्हाला उपवास सोसले का, ते सारखं विचारतात."

ती लगबगीनं पायऱ्या उतरली. पुढच्या बाईंनी हात जोडले. ते तोंडपाठ वाक्य अक्कांच्या तोंडून काही केल्या फुटेना.