कोणाला काही विचारायचं आहे?

“तीनदा करून बघितलं,” पाहुणे परीक्षक म्हणाले. “तीच बुरशी, तोच रंग, तेवढंच तापमान. तिन्ही वेळा पाणी निळंच राहिलं. आता एक तर ही बुरशी खोटी, नाही तर तुमचे आकडे.”

सभागृहातल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. पडद्याशेजारी उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. विभागात तिला सगळे बुरशीताई म्हणत. कापड कारखान्यांतून येणारं निळं पाणी तिची बुरशी तीन दिवसांत नितळ करायची. पाच वर्षं पोरीनं रक्ताचं पाणी केलं होतं त्यासाठी. आज गुरुवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा, तीही चारचौघांत. परीक्षकांनी सही केली नाही, तर सगळंच मातीमोल. तिचे मार्गदर्शक सर बुटांकडे बघत बसले होते.

शेवटच्या रांगेत प्रयोगशाळेचं काचसामान धुणाऱ्या मावशी होत्या. बुरशीताईनं दम भरला होता, “मावशी, तुम्ही आला नाहीत तर मी तोंडच उघडणार नाही.” म्हणून अर्ध्या तासाची परवानगी काढून, ओला ॲप्रन बदलून त्या आल्या होत्या. तिचं भाषण त्यांच्या डोक्यावरून गेलं. परीक्षकांचं पुढचं बोलणं मात्र नेमकं कळलं.

“माझ्या बाटल्या कोऱ्या होत्या. तुमच्या जुन्या. त्यात आधीचं काही चिकटून राहत असेल.”

“नाही सर,” मुलगी म्हणाली. “आमच्याकडे नियमानं धुतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड.”

मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

नियम होता खरा. आधी साबण, मग नळ, मग डिस्टिल्ड पाण्यानं विसळायचं, म्हणजे बाटलीत कशाचा अंश उरत नाही. पण ते पाणी बर्फासारखं गार, आणि दिवसाला दोनशे बाटल्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची बोटं अशी आखडली की घरी चमचा धरवेना. तेव्हापासून शेवटचा हात त्या कोपऱ्यातल्या तांब्याच्या जुन्या टाकीतल्या ऊन पाण्यानं मारत आल्या होत्या. बाटल्या लख्ख निघायच्या. कोणाचं काय जातंय, असं त्यांना वाटायचं. कोणाचं जातंय ते आता समोरच दिसत होतं.

दुसऱ्या रांगेत भांडारप्रमुख साहेब होते. मोठे नियमवाले. मावशींचं कंत्राट पुढच्या महिन्यात त्यांच्याच सहीनं वाढायचं होतं. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, मान पुसली. यांचं डोकं तापलंय, मावशींनी ओळखलं. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर पोरगी बुडते. इकडे आड, तिकडे विहीर. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

अध्यक्षबाई उठल्या. “कोणाला काही विचारायचं आहे?”

ही आपली नुसती रीत. परीक्षा उघड असते, कोणीही प्रश्न विचारू शकतं. पण आजवर कोणी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. तोवर सगळ्यांचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं. बाई खाली बसणार, एवढ्यात मागून एक हात वर गेला.

“साहेब, तुमच्याकडे बाटल्या धुतं कोण?”

हशा पिकला. परीक्षक तेवढे हसले नाहीत. “मशीन धुतं.”

“मशीनची बोटं आखडत नाहीत. माझी आखडतात.” मावशी उठून उभ्या राहिल्या. “पाच वर्षं मी शेवटी डिस्टिल्ड पाणी घेतलंच नाही. तांब्याच्या टाकीतलं ऊन पाणी घेतलं. या पोरीला यातलं काही ठाऊक नाही. काय बोलायचं ते मला बोला.”

परीक्षक भराभर लिहून घेऊ लागले.

“तांबं,” बुरशीताई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मान वर केली. “सर, रंग तोडायला या बुरशीला तांबं लागत असणार. अगदी कणभर. मी ते कधी घातलंच नाही, कारण मला कधी कमीच पडलं नाही.”

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. “सोमवारी भेटू. माझ्या कोऱ्या बाटल्या मागवून आजच प्रयोग लावतो. निम्म्यांत कणभर मोरचूद घालीन, म्हणजे तांब्याचंच मीठ. कुठल्या निम्म्यांत, ते मी सोडून कोणाला कळणार नाही.”

सोमवारी टेबलावर आठ बाटल्या होत्या. चार शाईसारख्या निळ्या. चार इतक्या नितळ, की पलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. परीक्षकांनी खिशातली चिठ्ठी उघडून क्रमांक ताडून पाहिले आणि उभ्या उभ्याच सही ठोकली.

“गुरुवारपर्यंत तुमची बुरशी एकाच खोलीत चालत होती,” ते म्हणाले. “आता ती जगातल्या कुठल्याही कारखान्यात चालेल. डॉक्टरबाई, अभिनंदन.”

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सरांनी डोळे पुसले आणि चष्मा पुसत असल्याचं सोंग केलं. नवी डॉक्टरबाई सगळ्यांना ओलांडून थेट मागच्या रांगेत धावली आणि मावशींच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच कळेना.

गर्दीतून वाट काढत भांडारप्रमुख साहेब आले. मावशी सावरून उभ्या राहिल्या. आज आनंद एवढा होता की भीतीला जागाच नव्हती.

“कंत्राटाचं समजले मी, साहेब. आजचा दिवस भरते आणि जाते.”

“कंत्राट सकाळीच वाढवून आलोय,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “मावशी, पहिल्याच हिवाळ्यात मी तुम्हाला त्या टाकीपाशी बघितलं होतं. तुमची बोटं बघितली आणि आल्या पावली परत फिरलो. गुरुवारी परीक्षक बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं होतं पाणी कुठे मुरतंय ते.” त्यांनी खाली बघितलं. “नोकरी जाईल म्हणून मी खुर्ची धरून बसलो. हात तुम्ही वर केलात.”