आईच मुऱ्हाळी

"विहीणबाई, तुम्ही स्वतः?" कुंदाबाई दारातच थबकल्या.

"मग काय करू?" हातातली पिशवी खाली ठेवत मंदाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं गिरधरला मुऱ्हाळी पाठवलं. दोन्ही वर्षं माझा लेक बहिणीशिवाय हात हलवत परत आला. औंदा म्हटलं, मीच जाते. आईला कसं नाही म्हणतात ते बघू!"

आता तुम्हीच सांगा, लेकीला आणायला कधी आई जाते का? भाऊ जातो, नाहीतर चुलता जातो. पण शहाऐंशी सालची आखाजी दोन दिवसांवर आली होती. अक्षय्य तृतीया, लेकींचा सण. फैजपुरात घरोघरच्या लेकी माहेरी आल्या होत्या, निंबांना झोके बांधले होते, आणि मंदाबाईंच्या अंगणातला झोका तेवढा रिकामा. येणारी-जाणारी विचारायची, "कोकिळा नाही आली का वं?" बाईनं तोंड लपवावं तरी कुठं? म्हणून पहाटेची एस.टी. धरून, जळगावला गाडी बदलून, उन्हातान्हाच्या त्या धुळ्याला येऊन धडकल्या होत्या.

दोष कुणाचा, हे साऱ्या फैजपूरला ठाऊक होतं. सासू खाष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तेवढं पाठवलं, मग लेक तोडलीच.

कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"अगं बाई, केवढी सुटलीस ही अंगानं!" मंदाबाई कळवळल्या. "आणि केस कुणी कापायला लावले?"

कोकिळानं सासूकडे पाहिलं. "मीच कापले," ती म्हणाली. तांब्या आईच्या हातात न देता फरशीवर ठेवून ती सासूशेजारी जाऊन बसली.

मंदाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. आईची नजर ती! मघाशी दाराशी उभं असताना आतून हिचंच गाणं ऐकू येत होतं. आणि आता पोर दोन शब्दांत आटपत होती. सासू शेजारी बसली होती ना.

त्यांनी पिशवीतून साडी काढली. मोरपंखी. "मला शोभतो हा रंग, म्हणजे तुलाही शोभेल." कोकिळाला लहानपणापासून गुलाबी आवडायचा, पण लेकरांना काय कळतं?

गाणं म्हणाल तर तेही आईकडूनच आलेलं. पहिल्या आखाजीला पोरींनी कोकिळाला झोक्यावर बसवून गायला लावलं. बायका माना डोलवू लागल्या. तिचा आवाज चिरका लागतोय हे मंदाबाईंनीच ओळखलं, चारचौघींत तसं सांगितलं आणि पुढचं गाणं स्वतः म्हटलं. लेकीचं हसं होऊ नये म्हणून. दुसरी कुणी असती तर टाळ्या वाजवत बसली असती.

वळणही असंच लावलं होतं. पोरीवर कधी हात म्हणून उचलला नाही. उलट बोलली तर आठ-आठ दिवस अबोला. पोर मागं मागं फिरायची, रडायची, पाय धरायची, मग कुठं मंदाबाईंचं मन द्रवायचं. उगाच का अशी गरीब गाय निघाली?

"मग निघायचं ना, कोके?"

कोकिळानं पुन्हा सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"औंदा बी नही जमाव," कुंदाबाई म्हणाल्या. "घरमा बठ्ठं काम पडेल शे."

"सगळं काम पडलंय म्हणे! तिला बोलू द्या की!"

"आत्याबाई म्हणतील तसं," सासूकडे बघत कोकिळा कशीबशी म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

मंदाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. जीव लावून वाढवलेली पोर, आणि आज अशी सासूच्या दावणीला! त्या तडक ओट्यावर आल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शेजारच्या बाया गोळा झाल्या.

"बघा हो! माझ्या लेकीला माहेरचा झोका दिसू देत नाही ही बाई! माझ्यासारख्या आईवर ही वेळ यावी?"

कुंदाबाई मागोमाग येऊन दार अडवून उभ्या राहिल्या. दोषी माणूस दुसरं काय करणार?

"कुंदा," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "तुला पोटची लेक नाही ना, म्हणून तुला कळत नाही गं."

कुंदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात जावई जीवराम सायकल लावून ओट्यावर चढला. गर्दी पाहून तो शरमला. "आई, आता पुरे झालं. किती ऐकून घ्यायचं? सांगून टाक—"

"तू चूप ऱ्हाय," कुंदाबाई म्हणाल्या. "मी नही म्हटलं म्हणजे नही."

घ्या! पोटच्या पोराला तोंड उघडू देत नव्हती, तिथं सुनेची काय कथा? मंदाबाईंचा संताप अनावर झाला. आई आहोत आपण, परवानगी कुणाची मागायची? कुंदाबाईंना बाजूला सारून त्या घरात शिरल्या. हाताला धरून लेकीला बाहेर काढायचं, जी एस.टी. मिळेल तिच्यात बसायचं, की झालं. उद्या साऱ्या फैजपूरनं बघावं, मंदाबाईनं लेक कशी सोडवून आणली ते.

आतल्या खोलीत कोकिळा भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही कान तिनं घट्ट दाबून धरले होते. मंदाबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी हलकेच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

कोकिळानं मागं वळून न बघताच तो हात दोन्ही हातांत घेतला आणि गालाशी धरला.

"गेली का ती, आत्याबाई?" ती म्हणाली. "दर आखाजीला माझ्यापायी तुम्ही वाईट होता. पण काय करू, तिच्या तोंडावर मला नाही म्हणताच येत नाही हो."