दोघांची गणपूर्ती

विद्यापीठाच्या अधिसभेत इंदुमती चौबळ एकट्याच बसल्या होत्या. बाकीच्या खुर्च्यांवर पडदे होते आणि पडद्यांवर निवडून आलेल्या सदस्यांची प्रतिरूपं मंद हसत होती. सदस्य घरीच आपल्या प्रतिरूपाशी बोलत बसत आणि सभेत ती प्रतिरूपं त्यांच्याच आवाजात भाषणं करत. मत मात्र हजर माणसाचंच धरायचं, असा नियम होता. आज दोन माणसंसुद्धा जमली नाहीत, तर अधिसभा बरखास्त होऊन विद्यापीठ विधिमंडळाच्या समितीकडे जाणार होतं.

सभेची वेळ होता होता भुस्कुटे सर काठी टेकत आत आले. निवडून आल्यापासून ते बाईंना विरोधच करत आले होते.

"मी समितीच्या बाजूने आहे हं," ते धापा टाकत म्हणाले. "निवडून आलेल्यांनी काय दिवे लावले?"

"आणि आमदार लावणार आहेत वाटतं?" बाई ताडकन म्हणाल्या.

विद्यापीठ समितीकडे सोपवण्याचा ठराव सरांनी मांडला. बाजूने त्यांचा हात वर झाला, विरोधात बाईंचा. मतं समसमान पडली आणि ठराव बारगळला.

बाईंना राहवेना. "सर, घरी बसला असतात तर आपोआप जिंकला असतात. एवढंही कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं होतं की." सरांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पण घरी माझं प्रतिरूप माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणतं, बाई."